खाली मान घालून

फिल्म कॅमेऱ्याचा विषय निघाला की लोक लगेच संयमावर घसरतात. रोलमध्ये फोटो मोजकेच, म्हणून विचार करून काढायचे, म्हणून माणूस शांत होतो वगैरे. मला हे फारसं पटत नाही. रोल आणि धुलाईचा आजचा खर्च बघितला तर कुणीही जपूनच वागेल, त्याला साधना कशाला म्हणायचं? ‘याशिका मॅट १२४ जी’ हा दोन भिंगांचा जुना फिल्म कॅमेरा शिकताना खरी परीक्षा होते ती हातांची.

कॅमेरा पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि खाली मान घालून काचेत बघायचं. पुढे दोन भिंगं एकावर एक. वरचं बघण्यासाठी, खालचं फोटो काढण्यासाठी. काचेवरचं चित्र वर-खाली बरोबर असतं, पण डावं-उजवं अदलाबदल झालेलं. मंडईत उजवीकडून हातगाडी येते, काचेत ती डावीकडून शिरते. तिच्यामागे कॅमेरा वळवावा तर ती पार चौकटीबाहेर. चित्र कललेलं दिसलं म्हणून सरळ करायला जावं तर आणखी कलतं. आरशात बघून मिशी कातरणाऱ्यांना हे लवकर जमत असावं. डोक्याला पहिल्याच दिवशी कळतं, हात मात्र बरेच दिवस ऐकत नाहीत. त्यात जवळून फोटो काढायचा तर कॅमेरा दोन-तीन बोटं वर उचलायचा, नाहीतर काचेत अख्खा दिसणारा माणूस फोटोत कपाळापासून कापला जातो. भिंगं दोन असल्याची ही किंमत.

यात १२० नंबरचा रोल बसतो. कोडॅकने तो १९०१ साली आणला आणि अजून मिळतो. बडोद्याला बनणाऱ्या आगफा क्लिक थ्रीतही हाच रोल जायचा. घरच्या अल्बममध्ये काळ्या पानांवर कोपरे लावून बसवलेले चौकोनी फोटो असतील, तर त्यांतले बरेचसे अशाच एखाद्या कॅमेऱ्यातले. रोल संपला की शेवटी कागदाची डिंक लावलेली पट्टी येते, ती जिभेने ओली करून चिकटवायची. चव पोस्टाच्या पाकिटाची. रिकामी रीळ टाकायची नाही, पुढचा रोल तिच्यावरच गुंडाळला जातो.

कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला लागणारा पाऱ्याचा सेल आता बनत नाही, म्हणून उन्हाचा जुना हिशेब. लख्ख ऊन असेल तर अ‍ॅपर्चर (म्हणजे भिंगाचं छिद्र) १६ आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओच्या, म्हणजे ती प्रकाश किती पटकन टिपते त्या आकड्याच्या, आसपास. म्हणजे ४०० ची फिल्म असेल तर १/५०० सेकंद. मंडईच्या छपराखाली हा हिशेब कोलमडतो. तिथे मी गुपचूप मोबाइलवरचं मीटर उघडते.

पण या कॅमेऱ्याची मजा मला वाटते ती मान खाली घालण्यातच. मोबाइल रोखला की माणसं एकतर पोझ देतात, नाहीतर तोंडावर हात धरतात. इथे फोटो काढणारी बाई त्यांच्याकडे बघतच नसते. आत हलणारा आरसा नाही, त्यामुळे बटण दाबताना काचेवरचं चित्र विझत नाही आणि आवाजही जेमतेम ‘टिक्’ एवढाच. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला याच जातीचा रोलायफ्लेक्स वापरायच्या. बड्याबड्यांच्या गराड्यात साडी नेसून उभ्या असलेल्या त्या बाईंना या मान खाली घालण्याचा किती उपयोग झाला असेल, असं मला नेहमी वाटतं. शिवाय भिंग पोटाच्या उंचीवर असतं. लहान मुलं समोरासमोर येतात, ओट्यावर बसलेल्या भाजीवाल्या मावशीही.

त्या मावशींनी बराच वेळ बघून विचारलं, “काय बिघडलंय का त्याचं, ताई?”

“नाही, तुमचा फोटो काढला.”

“मग दावा की.”

“आत्ता नाही दिसत. रोल संपला की धुवायला द्यायचा, मग कळतं.”

“म्हंजे आला का न्हाई, तुमालाबी ठावं न्हाई?”

मी मेथीची एक जुडी घेतली.