तुम्ही विचारलंत म्हणून : गाठ पूर्ण निघाली की नाही, हे ऑपरेशन चालू असतानाच का सांगत नाहीत?

स्तन राखून गाठ काढायचं ठरलं की घरचे हमखास विचारतात : "रिपोर्टची वाट कशाला बघायची? तिथल्या तिथे मशीनवर दिसत नाही का?" बरंच दिसतं, आणि बघायलाच हवं. पण मार्जिनचा, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेचा, प्रश्न पेशींचा आहे. काढलेल्या तुकड्याला बाहेरून शाई लावतात आणि कॅन्सरच्या पेशी त्या शाईपर्यंत पोचल्या आहेत का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. नंतर रेडिएशन द्यायचं असेल, तर दुधाच्या नळ्यांबाहेर पसरू लागलेल्या कॅन्सरमध्ये शाईवर कॅन्सरची पेशी नसली की पुरे, हा अमेरिकी संस्थांचा २०१४चा निकष. दुधाच्या नळ्यांतच असलेल्या कॅन्सरसाठी, म्हणजे डीसीआयएससाठी, २०१६ मध्ये शाईपासून २ मिलिमीटर अंतर ठरलं.

ऑपरेशन थिएटरमधलं सगळ्यात उपयोगी साधन आजही तुकड्याचा एक्स-रे हेच आहे. त्यासाठी एक छोटं कपाटासारखं यंत्र असतं आणि फोटो एक-दोन मिनिटांत येतो. पण खरं काम त्याच्या आधी सुरू होतं. तुकडा पूर्ण सुटण्याआधीच खुणेचे टाके घालायचे : वरच्या बाजूला आखूड, काखेकडच्या बाजूला लांब. तुकडा हातात आल्यावर टाके घालायला गेलं की बाजू अंदाजाने ठरते, आणि मग रिपोर्ट कितीही अचूक असला तरी जास्तीचं काप स्तनात उरलेल्या पोकळीच्या भलत्याच भिंतीचं घेतलं जातं.

फोटो दोन हवेत, एकमेकांना काटकोनात. एकाच फोटोत पुढची आणि मागची बाजू एकमेकांवर येतात. तुकडा दाबायचा नाही. स्तनाची चरबी मऊ असते, बाहेर काढल्यावर ती आपोआप पसरते आणि तुकड्याची उंची घटते. वरून दाबलं तर गाठ कडेला टेकलेली दिसते, जरी शरीरात ती तशी नव्हती. फोटोत गाठ, कॅल्शियमचे कण आणि केमोआधी गाठीची जागा कळावी म्हणून बसवलेली छोटी धातूची क्लिप शोधायची. क्लिप दिसली नाही तर पोकळीबरोबरच सक्शनची बाटली आणि गॉजही तपासायचे, कारण क्लिप तिकडे ओढली गेलेली असू शकते. गाठ एखाद्या कडेजवळ वाटली तर त्याच भिंतीचं आणखी एक काप घ्यायचं आणि त्याच्या नव्या पृष्ठभागावर खूण करायची.

एक्स-रे चुकतो तो मुख्यतः लोब्युलर (दुधाच्या ग्रंथींतल्या) कॅन्सरमध्ये. तिथे पेशी एकामागे एक रांगेत सरकतात, ठळक गाठ होतच नाही. डीसीआयएसमध्येही आजार कणांच्या पलीकडे गेलेला असू शकतो. सोनोग्राफी तिच्यावर दिसणाऱ्या गाठीसाठी उत्तम, पण नुसत्या कणांसाठी फारशी नाही.

फ्रोझन सेक्शनमध्ये, म्हणजे तुकडा गोठवून त्याचे पातळ काप लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना, पेशी खरोखर दिसतात. अडचण चरबीची : ती नीट गोठत नाही, काप फाटतात. शिवाय त्या वेळात मोजक्याच जागा तपासता येतात.

नवी साधनंही आहेत. मार्जिनप्रोब हे उपकरण रेडिओलहरींनी तुकड्याच्या पृष्ठभागाखालचा सुमारे १ मिलिमीटर तपासतं, पण खोटे इशारे बरेच देतं. पेग्युलिसियानिन हे चमकणारं औषध शस्त्रक्रियेच्या २ ते ६ तास आधी शिरेतून देतात. पोकळीच्या भिंतीत उरलेला कॅन्सर त्यामुळे कॅमेऱ्यात चमकतो. अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. पण चाचणीत त्याची संवेदनशीलता, म्हणजे उरलेला कॅन्सर ओळखण्याचं प्रमाण, निम्म्याच्या आसपासच होती, आणि क्वचित गंभीर ॲलर्जी होते.

म्हणूनच ही नवी मशीन नसलेल्या रुग्णालयाला आम्ही कमी लेखत नाही. येल विद्यापीठाच्या २०१५च्या चाचणीत पोकळीच्या भिंतींचं जास्तीचं काप घेतल्याने मार्जिनमध्ये कॅन्सर सापडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांवरून १९वर आलं, तेही कुठलंच नवं यंत्र न वापरता. तरीही १९ टक्के उरतातच, त्यामुळे दुसऱ्या ऑपरेशनची शक्यता आधीच समजावून सांगायला हवी. सर्जनना भेटाल तेव्हा इतकं जरूर विचारा : तुकड्याचा एक्स-रे थिएटरमध्येच होईल का, दोन बाजूंनी होईल का, आणि तो लगेच कोण बघणार आहे?