सीआरएल 4 मिमी, ठोके दिसत नाहीत: माझा अनुभव

नौपाड्यातल्या त्या सोनोग्राफी सेंटरची पाटी दिसली तरी अजून माझं डोकं तापतं. प्रेग्नन्सी टेस्ट, गायनॅकची चिठ्ठी, एफ फॉर्म (गरोदरपणातल्या सोनोग्राफीआधी कायद्याने भरावा लागणारा), सगळं सुरळीत झालं होतं. पाळीच्या तारखेनुसार सात आठवडे भरले होते. सोनोग्राफी आतून केली. डॉक्टर चकार शब्द बोलले नाहीत. अर्ध्या तासाने काउंटरवरच्या मुलीने स्टेपल मारलेलं पाकीट सरकवलं. मी ते जिन्यातच फोडलं. सॅक (गर्भाची पिशवी) दिसते, योक सॅक (तिच्यातली गर्भाला पोसणारी छोटी पिशवी) दिसते, सीआरएल (गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी) 4 मिमी, ठोके दिसत नाहीत, दहा दिवसांनी पुन्हा या.

तशीच परत वर गेले. "म्हणजे काय हो?"

"कायद्यामुळे आम्हाला काही सांगता येत नाही, मॅडम."

1994 च्या कायद्याने बंदी आहे ती मुलगा की मुलगी हे सांगायला. ठोक्यांबद्दल बोलायला नाही! आणि 4 मिमीच्या गर्भात मुलगा-मुलगी दिसणार तरी कुठून? आमच्या गायनॅक मॅडम तीन दिवस गावाला. त्या तीन रात्री मी झोपले नाही. सासूबाई न बोलता उशाशी बसून राहायच्या.

मॅडमनी दोन मिनिटांत उलगडून सांगितलं. गर्भ डोक्यापासून बुडापर्यंत 7 मिमी होत नाही, तोवर ठोके दिसले नाहीत एवढ्यावरून काहीच ठरवत नाहीत. माझी पाळी 35 दिवसांची, म्हणजे बीज आठवडाभर उशिरा सुटलं. सातवा नव्हे, नुकता सहावा आठवडा भरला होता आणि त्या मानाने 4 मिमी अगदी बरोबर. तुमची पाळी किती दिवसांनी येते ते चिठ्ठीवर लिहून घ्याच. मला कोणी विचारलंच नव्हतं.

दहाव्या दिवशी दुसऱ्या सेंटरला गेलो. (एफ फॉर्म दर वेळी नव्याने भरावा लागतो, आधार जवळ ठेवा.) तिथल्या डॉक्टरबाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. 13 मिमी, वालाच्या दाण्याएवढं. "हे डोकं, जवळजवळ अर्ध्या अंगाएवढं. हे हातापायांचे कोंभ. खाली बारीकशी शेपटीही असते अजून, दोन-तीन आठवड्यांत जाईल." आणि मधोमध काहीतरी भराभर लुकलुकत होतं.

"मिनिटाला 152," त्या म्हणाल्या. ह्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.