चिलटाला वेळ कशी कळते? एका संशोधनाला नाशिकच्या सभागृहात आणताना

महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवताना एक गोष्ट मला वर्षानुवर्षे खटकत आली आहे. जीवशास्त्रातील मूलभूत संशोधनाची बातमी आपल्याकडे छापून येते तेव्हा ती निष्कर्षापासून सुरू होते आणि ‘यामुळे भविष्यात अमुक आजारावर उपचार शक्य होतील’ या वाक्यावर थांबते. प्रश्न कोणाला पडला, तो एखाद्या किड्याला किंवा रोपट्याला कसा विचारला गेला आणि मिळालेले उत्तर खरे मानायला आधार काय, हा मधला सगळा भाग गळून गेलेला असतो. माझ्या अनुभवाने सांगते, जीवशास्त्राची पदवी नसलेल्या माणसाला सर्वांत सहज कळणारा भाग नेमका तोच असतो. म्हणून एकच संशोधन घ्यायचे, ते मराठीत आणि प्रयोगाच्या अंगाने सांगायचे, असा कार्यक्रम नाशिकमध्ये करण्याचे मी ठरवले. त्यासाठी काय काय करावे लागले, ते इथे लिहिते आहे.

विषय निवडायला फार वेळ लागला नाही. २०१७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना सजीवांच्या शरीरातील दैनंदिन घड्याळावरील कामासाठी मिळाले, आणि ते काम झाले चिलटांवर. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारे, तांबड्या डोळ्यांचे हे चिलट द्राक्षांच्या हंगामात नाशिकच्या घराघरांत असते. (द्राक्ष-आंबेवाल्या शेतकऱ्यांना सुरुवातीलाच सांगावे लागले, की कामगंध सापळे लावून पकडतात ती फळमाशी वेगळी आणि हे चिलट वेगळे.) शिवाय सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून आणि नाशिकरोडच्या मुद्रणालयांतून पाळ्यांमध्ये काम करणारी माणसे या शहरात पुष्कळ आहेत, त्यामुळे रात्रीची झोप आणि दिवसाची झोप यांतला फरक कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. तरीही झोपेपासून सुरुवात करायची नाही, हे मी मनाशी पक्के केले होते. उपयोग आधी सांगितला की श्रोता त्या उपयोगाचीच वाट पाहत बसतो आणि प्रयोगाकडे त्याचे लक्ष राहत नाही.

मूळ शोधनिबंध मिळवणे ही पहिली पायरी. या कथेचा आरंभ ज्या निबंधात आहे तो रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांचा, १९७१ सालचा, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापलेला, जेमतेम पाच पानांचा निबंध आज कोणालाही विनामूल्य वाचता येतो. नंतरच्या निबंधांची गोष्ट मात्र निराळी. काही ‘पबमेड सेंट्रल’ या खुल्या भांडारात सापडतात, काही पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत. जानेवारी २०२५ पासून भारत सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली असून तिच्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आहेत. पण ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण व संशोधन संस्थांसाठी आहे, घरी बसून वाचणाऱ्या नागरिकासाठी नाही. जे निबंध मिळेनात त्यांच्या लेखकांना मी सरळ ईमेल लिहिले. आपल्या निबंधाची प्रत मागणारे पत्र आले की बहुतेक संशोधक ती आनंदाने पाठवतात, हे आपल्याकडच्या शाळाशिक्षकांनाही ठाऊक असायला हवे.

सभागृहासाठी एका वाचनालयाकडे अर्ज केला. नाशिकला ऐकणारा श्रोता आहे, याबद्दल मला शंका नव्हती. मे महिन्याच्या उकाड्यात वसंत व्याख्यानमालेसाठी गोदाकाठी जाऊन बसणारी माणसे याच गावची. कार्यकारी मंडळातील ज्येष्ठांनी मात्र विचारले, “बाई, त्यापेक्षा मधुमेहावर काही करता येईल का? लोक येतील तरी.” मी शीर्षक बदलून ‘चिलटाला वेळ कशी कळते?’ असे केले, तेव्हा त्यांच्यापैकीच एकाने “कशी कळते?” असे विचारले आणि सभागृह मिळाले.

पहिल्या बैठकीत मी चिलट आणलेच नाही, लाजाळूची कुंडी आणली. १७२९ साली फ्रान्समध्ये द मेरां या खगोलशास्त्रज्ञाने पाने मिटणारे असे एक रोप अंधारात ठेवून पाहिले होते. दिवसा उघडणारी आणि रात्री मिटणारी त्याची पाने अंधारातही आपल्या वेळेला उघडत-मिटत राहिली. म्हणजे रोप उजेड पाहून वागत होते असे म्हणता येईना. वेळेचा काही हिशेब त्याच्या आतच असावा. हा प्रयोग कपाटात करता येतो. श्रोत्यांपैकी अनेकांनी तो घरी केला आणि पुढच्या बैठकीत त्यांनी आणलेले प्रश्न माझ्या टिपणांपेक्षा सरस होते: कपाट उघडून पाहिले म्हणजे उजेड गेलाच ना? कपाटात दिवसा उष्णता वाढते, रोप त्यावरून वेळ ओळखत नसेल कशावरून? हे आक्षेप खुद्द या क्षेत्रातल्या संशोधकांनी एकमेकांवर घेतले होते आणि अनेक वर्षे घेतले होते. तापमान स्थिर ठेवून, अखंड अंधारात प्रयोग का करावे लागतात, हे मला वेगळे समजावून सांगावे लागलेच नाही.

त्यानंतर चिलटे आली. काचेच्या बरणीत कुस्करलेले केळे आणि चिमूटभर यीस्ट घालून, तोंडाला कागदाचे नरसाळे लावून ठेवले की चिलटे आत जातात आणि सहसा बाहेर पडत नाहीत. ती अंडी घालतात, अळ्या होतात, अळ्या काचेवर चढून कोष करतात आणि २५ अंश सेल्सिअसला साधारण १० दिवसांत नवी पिढी बाहेर येते. कोष तांदळाच्या कणीपेक्षा लहान आणि सुरुवातीला फिकट तपकिरी असतो. चिलट बाहेर येण्याची वेळ जवळ आली की त्याच्या भिंतीतून घडी घातलेले पंख काळसर दिसू लागतात. नुकतेच बाहेर आलेले चिलट फिकट, लांबट आणि ओलसर दिसते. त्याचे पंख चुरगळलेले असतात आणि ते सरळ व्हायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे आत्ताच जन्मलेले कोणते आणि कालचे कोणते, हे भिंगाखाली पाहणाऱ्या शाळकरी मुलालाही ओळखता येते. आम्ही बरण्या घरोघरी दिल्या आणि दिवसातून ठरावीक वेळांना नवी चिलटे मोजायला सांगितली. मुद्रणालयातून निवृत्त झालेल्या एका काकांनी खतावणीसारखे रकाने आखून नोंदी केल्या. त्यांच्या वहीत सकाळचा रकाना भरगच्च आणि दुपारनंतरचे जवळजवळ रिकामे होते. चिलटे पहाटेच्या सुमारास कोषातून बाहेर पडतात, हे वाक्य पाठ्यपुस्तकातही आहे. पण वहीतला तो रकाना पाहिल्यावर ते वाक्य उच्चारण्याची मला गरज उरली नाही.

इथवर आल्यावर कोनोप्कांचा प्रयोग सांगणे अगदी सोपे झाले. त्यांनी चिलटांना जनुकांत बदल घडवणारे रसायन खाऊ घातले आणि पुढच्या पिढ्यांमध्ये अवेळी बाहेर पडणारी चिलटे शोधली. त्यांना तीन प्रकार सापडले. एकात वेळेचे भानच नव्हते, दुसऱ्याचा दिवस १९ तासांचा होता आणि तिसऱ्याचा २८ तासांचा. तिन्ही बदल एक्स गुणसूत्रावरच्या एकाच जनुकात झालेले दिसत होते. या निष्कर्षाची खरी ताकद कुठे आहे, यावर मी मुद्दाम बराच वेळ घालवला. नुसते वेळेचे भान हरपलेले चिलट सापडले असते, तर ते आजारी असेल असे म्हणता आले असते; पण एरवी धडधाकट असलेले चिलट नेमाने १९ किंवा २८ तासांचा दिवस पाळते आणि दोघांचा बदल एकाच जनुकात आहे, असे दिसल्यावर ते जनुक घड्याळाच्या यंत्रणेतलेच आहे हे मानणे भाग पडते. हे ऐकताना सभागृहात माना हलल्या. पारितोषिक जाहीर झाले तेव्हा बेंझर आणि कोनोप्का दोघेही हयात नव्हते आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत, ही माहितीही मी दिली. त्यावर जी हळहळ उमटली ती एखाद्या नाटकाच्या तिसऱ्या अंकाला शोभली असती.

पुढचा भाग रेणूंचा, आणि तो मला सर्वांत अवघड वाटत होता. १९८४ मध्ये हॉल-रॉसबॅश यांच्या आणि यंग यांच्या प्रयोगशाळांनी हे जनुक वेगळे काढले. १९९० मध्ये हार्डिन, हॉल आणि रॉसबॅश यांनी दाखवले, की या जनुकाचा संदेश पेशीत दिवसाच्या ठरावीक वेळी वाढतो आणि कमी होतो, आणि त्यातून तयार झालेले प्रथिनच आपल्या जनुकाला थांबवते. रात्री प्रथिन साचते, पेशीच्या केंद्रकात जाते आणि जनुकाचे वाचन बंद पाडते. दिवसा ते मोडून जाते आणि वाचन पुन्हा सुरू होते. हे सांगण्यासाठी मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक वापरला: पाणी चढले की गोळा वर येतो आणि पाण्याची आवक बंद करतो.

मागच्या रांगेत नळजोडणीची कामे घेणारे एक ठेकेदार बसले होते. ते म्हणाले, “मॅडम, कॉक चांगला असला की टाकी एका पातळीला येऊन थांबते. ती रोज वरखाली कशी होईल?” प्रश्न अगदी बिनतोड होता. मी तो सभागृहापुढे ठेवला, आणि थोड्या वेळाने त्यांनीच उत्तर सुचवले: कॉक बंद झाल्यावरही लांबच्या पाइपातले पाणी येतच राहिले, म्हणजे बंद होण्याचा परिणाम उशिरा पोहोचला, तर पातळी मर्यादेच्या वर जाईल, मग खाली येईल, पुन्हा वर जाईल. घड्याळाला विलंब लागतो! संशोधकही याच ठिकाणी अडले होते. पेशीतला संदेश आणि प्रथिन यांच्या उच्चांकांमध्ये काही तासांचे अंतर का पडते, हा प्रश्न होता. १९९८ मध्ये यंग यांच्या गटाने ‘डबलटाइम’ हे जनुक शोधले. त्याचे प्रथिन, नव्याने तयार होणाऱ्या घड्याळ-प्रथिनाला मोडीत काढण्याची खूण लावते, त्यामुळे साठा सावकाश होतो. हा भाग मी टिपणांत ‘वेळ उरल्यास’ म्हणून ठेवला होता. त्या संध्याकाळी तोच मुख्य भाग ठरला.

कार्यक्रमाआधी टिपणे पुण्यात चिलटांवर काम करणाऱ्या एका संशोधिकेला तपासायला दिली होती. त्यांनी नेमकेपणासाठी आणखी बऱ्याच जनुकांची नावे घालायला सुचवले होते. त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते, पण मी फारच थोडी नावे घेतली. माझा अनुभव असा, की ऐकणारा माणूस तर्काच्या लांब साखळीला कंटाळत नाही; अनोळखी नावे एकामागून एक आली की मात्र तो उठून जातो. उलट, ‘जनुक झोपेची वेळ ठरवते’ असे सरळसोट विधान कुठेही करू नका, हा त्यांचा आग्रह मी शब्दशः पाळला, कारण असे एक वाक्य घरी नेले की बाकीचे सगळे त्याखाली दबते.

“याचा उपयोग काय?” हा प्रश्न शेवटी आलाच, आणि आला तो रात्रपाळी करणाऱ्या एका तरुणाकडून. २००१ मध्ये अमेरिकेतील एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्या कुटुंबातील अनेक माणसे संध्याकाळीच झोपी जात आणि उत्तररात्री टक्क जागी होत. त्यांच्यात जो बदल सापडला तो चिलटाच्या त्याच जनुकाच्या मानवी भावंडात होता. आपल्या देशातही मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेतल्या वटवाघळांच्या दैनंदिन घड्याळावर काम केले आहे, हेही मी सांगितले. पाळी बदलल्यावर शरीर लगेच का जुळवून घेत नाही याचे कारण त्या तरुणाला पटले. पाळी कोणती असावी, हा प्रश्न कारखान्याचा आहे आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. आरोग्याचा सल्ला द्यायचा नाही, झोपेच्या गोळ्यांविषयी बोलायचे नाही, तक्रार असेल तर डॉक्टरांकडे जायला सांगायचे, हा नियम मी पहिल्यापासून केला होता आणि असा कार्यक्रम करू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो करावा.

खर्च फारसा आला नाही. सूक्ष्मदर्शक महाविद्यालयाचे होते, केळी श्रोत्यांची, आणि छापील टिपणे कोणीही परवानगीशिवाय वापरावीत असे त्यांवर लिहून ठेवले. आता काही श्रोत्यांनी १९७१ चा मूळ निबंधच वाचायचा आग्रह धरला आहे. त्यातल्या आलेखात आडव्या अक्षावर तास आणि उभ्या अक्षावर कोषातून बाहेर पडलेली चिलटे आहेत, आणि खतावणीवाल्या काकांनी स्वतःच्या वहीवरून तसाच आलेख काढून आणला आहे. इंग्रजी मजकूर मी ओळीओळीने मराठीत सांगते. रविवारी सकाळी वाचनालय उघडले की आम्ही बसतो, आणि ठेकेदारांनी तिथेही पहिला आक्षेप घेतला आहे, की २८ तासांच्या चिलटाचे शिखर इतके पसरट का.