काता नेमका कुठे निसटतो

काता म्हणजे कराटेतल्या हालचालींची, ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायची मालिका. अवघड काता म्हणजे उंच उड्यांचा किंवा कठीण लाथांचा काता, असा क्लासमध्ये नव्याने येणाऱ्या मुलांचा समज असतो आणि त्यांच्या पालकांचाही. शरीराच्या दृष्टीने तो बरोबर आहे, कारण ‘उन्सु’ या कात्यातली हवेत गिरकी घेणारी उडी सगळ्यांनाच साधत नाही. परंतु लक्षात ठेवण्याच्या दृष्टीने पाहिले तर ती उडी कोणीच विसरत नाही. विसरतात त्या तिच्या आगेमागे येणाऱ्या, पांढऱ्या पट्ट्यापासून घोटलेल्या साध्या हालचाली. सोलापुरात शोतोकान शैलीचे कराटे शिकत आणि पुढे शिकवत असताना, आणि नंतर हौसेने तायक्वांदोच्या वाटेला गेल्यावर, माझे मत पक्के झाले आहे की काता कठीण जागी निसटत नाही. तो दुसऱ्या एखाद्या कात्याशी मिळत्याजुळत्या जागी निसटतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण कांकु दाईचे आहे. पासष्ट हालचालींचा हा काता दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करून, तो कपाळापुढे उचलून त्यातून आकाश पाहण्याने सुरू होतो. ही सुरुवात इतकी निराळी आहे की ती एकदा दाखवली तरी पुरते. पुढे एक तुकडा येतो: मागच्या दिशेला उराकेन (उलट्या मुठीचा फटका) आणि योको गेरी (बाजूची लाथ) एकाच वेळी, मग वळून लागोपाठ तीन शुतो उके (उघड्या हाताच्या कडेने अडवणे) आणि शेवटी नुकिते (बोटांच्या टोकांचा वार). हाच तुकडा, याच क्रमाने, 26 हालचालींच्या हेइआन निदानमध्येही आहे आणि तो मुलांनी कितीतरी आधी, पट्टा बदलण्याच्या परीक्षेसाठी घासूनपुसून तयार केलेला असतो. फरक सुरू होतो तो नुकितेनंतर. कांकु दाईमध्ये पुढच्याच हालचालीत डावा हात उघडा कपाळावर येतो, उजव्या हाताने शुतो उची (हाताच्या कडेचा वार) होते आणि त्यावर माए गेरी (पुढची लाथ). मुलगा कांकु दाई करत असतो, सगळे सुरळीत चाललेले असते, आणि नुकिते लागते. मग पाय आपोआप डावीकडून वळतात, तो शुतो उकेमध्ये बसतो आणि तिथून हेइआन निदानचा उत्तरार्ध सुरू होतो. काही मुलांना दोन-तीन हालचालींनंतर शंका येते. काही मात्र थेट शेवटपर्यंत जाऊन वाकून नमस्कार करतात आणि काता एवढ्यात कसा संपला म्हणून स्वतःच गोंधळतात.

हा योगायोग नाही. ओकिनावातले कराटेचे शिक्षक आन्को इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावाच्या शाळांमधील मुलांसाठी पिनान नावाची पाच कात्यांची मालिका रूढ केली आणि तिच्यात जुन्या कुशांकु कात्याचे कितीतरी तुकडे आढळतात. पुढे शोतोकानचे प्रवर्तक फुनाकोशी यांनी जपानमध्ये पिनानचे हेइआन केले, पहिल्या दोघांचा क्रम उलटा केला आणि कुशांकुला कांकु हे नाव दिले. म्हणजे मोठ्या कात्यातले तुकडे छोट्या कात्यात आधी शिकायचे आणि मग मोठा काता करताना तेच तुकडे पाय ओढणार, ही अडचण या परंपरेच्या घडणीतच आहे.

आमच्या क्लासला येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरी विणकाम आहे, त्यामुळे ही गोष्ट मी त्यांना जॅकार्डच्या मागावरून सांगतो. चादरीची नक्षी मागाला पाठ नसते. भोके पाडलेले पुठ्ठे एका माळेत ओवलेले असतात आणि एकेका पुठ्ठ्याने कोणते ताणे उचलायचे ते ठरते. माळेत दोन पुठ्ठे अगदी सारखे असले तरी मागाचे काही बिघडत नाही, कारण पुढचा पुठ्ठा माळेनेच समोर आणलेला असतो. माणसाचे तसे नाही. आपली एक हालचालच पुढच्या हालचालीला बोलावते, आणि सारख्या दिसणाऱ्या हालचालीने दोघींना बोलावले की जी जास्त सरावाची असेल ती आधी धावून येते.

तायक्वांदोकडे गेल्यावर हा त्रास दुप्पट झाला, कारण तिथली सुरुवात माझ्या हातापायांना नको इतकी ओळखीची होती. तायक्वांदोच्या संस्थापकांपैकी चोई होंग ही यांनी जपानमध्ये कराटेचे शिक्षण घेतले होते आणि त्यांच्या संघटनेच्या आकृत्यांमध्ये, ज्यांना तुल म्हणतात, ते लपत नाही. पहिली आकृती चोन-जी, 19 हालचालींची. डावीकडे खालचा ब्लॉक, पुढे पाऊल टाकून पंच, मागे वळून पुन्हा खालचा ब्लॉक आणि पंच. हेइआन शोदान अगदी असाच सुरू होतो, पण वळल्यानंतरच्या ब्लॉकला लागून तिथे मुठीच्या कडेचा हातोडी फटका, म्हणजे तेत्सुई, आहे. कराटेतून आलेला माणूस चोन-जीमध्ये तो फटका मारणारच. तांग सू दो या कोरियन कलेची तऱ्हा आणखी वेगळी आहे: तिथे प्योंग आन म्हणून जे फॉर्म (कात्यासारख्या मालिका) शिकवतात ते मुळात पिनानच आहेत. त्यातले उभे राहणे, कंबर वापरणे, लाथेची उंची बदलते आणि क्रम बराचसा तोच राहतो, त्यामुळे अंग सारखे जुन्या सवयीकडे झुकते. जागतिक तायक्वांदो या दुसऱ्या संघटनेच्या आठ तेगुक पुमसे, म्हणजे तिथले फॉर्म, त्या मानाने सोप्या गेल्या, कारण त्यांतले आखूड चालीचे उभे राहणे शोतोकानच्या लांब झेनकुत्सुपेक्षा इतके निराळे आहे की पायच आठवण करून देतात.

अर्थ समजून घेतला की फॉर्म लक्षात राहतो, असे सर्रास सांगितले जाते. मला ते अर्धेच पटते. युल-गोक या विद्वानाच्या नावाच्या तुलमधल्या 38 हालचाली त्याचे जन्मस्थान 38 अंश अक्षांशावर असल्याचे सांगतात, तोई-ग्येच्या 37 हालचालींनाही असाच अक्षांशाचा आधार आहे, आणि जुंग-गुनच्या 32 हालचाली आन जुंग-गुन यांना 1910 मध्ये फाशी झाली तेव्हाचे त्यांचे, कोरियन पद्धतीने मोजलेले, वय दाखवतात. ही माहिती असावी. तिच्यामुळे एकूण संख्या डोक्यात बसते आणि एखादी हालचाल गळली तर मोजताना पकडता येते. परंतु सतराव्या हालचालीनंतर डावीकडे वळायचे की उजवीकडे, हे अक्षांश सांगत नाही.

म्हणून मी सांधे शिकवतो, म्हणजे दोन काते जिथे एकमेकांना चिकटतात आणि मग वेगळे होतात त्या जागा. तीन शुतो उके आणि नुकिते एवढेच सगळ्यांकडून करून घ्यायचे आणि नुकिते लागताक्षणी मी कात्याचे नाव पुकारायचे: ‘निदान’ म्हटले तर डावीकडून वळण आणि शुतो उके, ‘कांकु’ म्हटले तर हात कपाळावर. पुकार उलटसुलट येत राहते. पूर्ण काता पुनःपुन्हा पहिल्यापासून करण्यात वेळ जातो आणि सुरुवात तेवढी चकचकीत होते. मधला भाग कच्चा तो कच्चाच राहतो. त्याऐवजी शेवटचा तुकडा आधी शिकवून मागे मागे येत गेले, तर मूल जसजसे पुढे जाते तसतसे अधिक ओळखीच्या प्रदेशात शिरते.

तालावर एकत्र करणे याबाबतीत फसवे आहे. ‘इच, नी, सान’ म्हणत मी मोजत असतो तेव्हा निम्मी मुले शेजाऱ्याच्या खांद्याकडे पाहून वळत असतात, आणि घरी तेलुगू बोलणारी एक मुलगी तर माझ्या मोजणीवर ओठांतल्या ओठांत ‘ओकटि, रेंडु’ लावत असते (तिचा काता, सांगायला हवे, सर्वांत नेटका आहे). दुसरा फसवा आधार मैदानाचा. उन्हाळ्यात सोलापुरात ऊन चढायच्या आत क्लास उरकावा लागतो आणि सगळे कडुलिंबाकडे तोंड करून उभे राहतात, कारण सूर्य पाठीशी हवा. मग ‘वळायचे’ याचा अर्थ ‘फाटकाकडे वळायचे’ असा पक्का होतो आणि स्पर्धेच्या हॉलमध्ये, जिथे ना लिंब ना फाटक, चांगली तयारी असलेले मूल अडखळते. त्यामुळे दर फेरीला तोंडाची दिशा बदलायची, आणि जमल्यास चौघांनी चार दिशांना तोंड करून सुरू करायचे. कोणाकडे पाहून करायची सोयच उरत नाही.

बसल्या जागी मनातल्या मनात काता करणेही उपयोगी पडते, पण ते प्रामाणिकपणे करावे लागते. पुण्याला जाताना हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये मी डोळे मिटून गोजुशिहो शो हा काता सुरू करतो आणि दरवेळी ठराविक एका ठिकाणी चित्र पुसट होऊन दोन हालचाली वगळल्या जातात. तिथे तो गोजुशिहो दाई या दुसऱ्या कात्याला चिकटलेला आहे. गच्चीवर मग पूर्ण काता करायचे कारण नसते. एका फरशीवर खूण करून तेवढाच सांधा, दोन्ही कात्यांतून आळीपाळीने, करत राहायचा.

परीक्षेत मध्येच अडकल्यास पहिल्यापासून सुरू करायची परवानगी पुष्कळ परीक्षक देतात. मी मुलांना ती घेऊ नका असे सांगतो, कारण पहिल्यापासून आलेला मुलगा त्याच वेगात त्याच सांध्यावर येतो आणि तिथेच पुन्हा चुकतो. शेवटच्या वळणापर्यंत मागे जावे, कोणता काता चालू आहे त्याचे नाव मनात घ्यावे आणि तिथून पुढे निघावे.