2009 ला थांबलेल्या मित्रासाठी

कॉलेजात आम्ही दोघं एकाच इअरफोनचं एकेक टोक कानात घालून ड्रीम थिएटर हा अमेरिकन मेटल बँड ऐकायचो. डावा चॅनल त्याला, उजवा मला. कीबोर्ड नेमका कुठून येतो यावर वाद व्हायचे, कारण प्रत्येकाला अर्धंच गाणं ऐकू यायचं. परवा तोच मित्र फोनवर म्हणाला, ‘‘मेटलमध्ये आता नवीन काही होत नाही रे. मी 2009 ला थांबलो ते थांबलोच.’’ हे वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना. रात्री बसून त्याला भलामोठा मेसेज लिहिला, तोच इथे जरा सविस्तर देतोय.

2009 का, ते मला माहीत आहे. ड्रमर माइक पोर्टनॉयने ड्रीम थिएटरबरोबर केलेला तेव्हाचा शेवटचा अल्बम त्या वर्षी आला आणि पुढच्या वर्षी तो बँड सोडून गेला. तो 2023 मध्ये परतला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये ‘पॅरासोम्निया’ आला. झोपेचे विकार हा सगळ्या अल्बमचा विषय. ड्रम्सचा पहिला मोठा ठोका पडला तेव्हा मला घरातलं माणूस परत आल्यासारखं वाटलं. चाली मात्र जुन्या अल्बमांइतक्या मनात रुतत नाहीत. तरी शेवटचं वीसेक मिनिटांचं गाणं मी पुन्हा पुन्हा लावतो. परतीची वाट म्हणून हा अल्बम चांगला, पण इथेच थांबू नकोस.

मला खरं बोलायचंय ते ओपेथ या स्वीडिश बँडबद्दल. 2008 नंतर त्यांचा गायक मिकाएल ओकरफेल्टने अल्बममधला ग्राउल, म्हणजे गुरगुरत गाणं, सोडून दिलं होतं. मधले अल्बम मी प्रेमाने ऐकले, पण तो खोल, छातीतून येणारा आवाज हवाहवासा वाटत राहिला. नोव्हेंबर 2024 मध्ये ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ आला आणि त्यात तो आवाज सोळा वर्षांनी परतला. तोही उगाच नाही. काळ पहिल्या महायुद्धानंतरचा. एका श्रीमंत घराण्याचा कर्ता पुरुष गेलाय आणि वारसांसमोर त्याचं मृत्युपत्र वाचलं जातंय. मेलेला बाप कागदातून बोलतो, तेव्हा ग्राउल लागतोच. पहिल्या सात गाण्यांना नावंच नाहीत, दस्तऐवजातल्या कलमांसारखे फक्त क्रमांक आहेत. नाव आहे ते एकट्या शेवटच्या गाण्याला, आणि का आहे ते मी सांगणार नाही. जेथ्रो टल या जुन्या ब्रिटिश रॉक बँडचा इयन अँडरसन यात बासरी वाजवतो आणि निवेदनही करतो. पहिल्यांदा ऐकताना शब्द समोर ठेव. मी तसंच केलं, दिवा तेवढा चालू ठेवून. शेवटच्या गाण्यातला उलगडा झाल्यावर आधीच्या प्रत्येक कलमाचा अर्थ बदलला आणि मी लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. झोपायला दोन वाजले.

दुसरा अल्बम ब्लड इंकँटेशनचा, ‘ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर’, ऑक्टोबर 2024 चा. अमेरिकेतल्या डेन्व्हरचा डेथ मेटल बँड, म्हणजे ग्राउल आणि भन्नाट वेगाचं मेटल. संबंध अल्बममध्ये दोनच रचना, प्रत्येकीचे तीन भाग. रेकॉर्डिंग बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत झालं, जिथे सत्तरच्या दशकात टँजरिन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडनेही काम केलं होतं. आणि आजच्या टँजरिन ड्रीममधला थॉर्स्टन क्वेश्निंग यातल्या एका भागात सिंथेसायझर वाजवतो. अंगावर धावून येणारे ड्रम्स एकदम बाजूला होतात आणि आपण अंतराळात तरंगायला लागतो. हे जोडकाम वाटत नाही, हेच मला विलक्षण वाटतं. रिफमधली, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांमधली, अस्वस्थता त्या शांत भागातही खाली वाहत राहते, त्यामुळे गिटार परतते तेव्हा ती कधी गेलीच नव्हती असं वाटतं. हा अल्बम कामं करता करता ऐकू नकोस. पाऊण तास काढ आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेव.

ग्राउल अजिबात सहन न होणाऱ्यांसाठी एक वाट आहे, माझ्या बहिणीवर करून पाहिलेली. नॉर्वेचा मेटल संगीतकार ईसानने 2024 मध्ये स्वतःच्याच नावाचा अल्बम काढला, तो दोन रूपांत: एक मेटल, एक निव्वळ वाद्यवृंदाचा. बहिणीला आधी वाद्यवृंदाचा ऐकवला आणि आठवड्याने मेटलचा. ती मध्येच म्हणाली, ‘‘अरे, ही चाल मला येते!’’ ओरडण्याखाली चाल असते हे मी तिला वर्षानुवर्षं सांगत होतो, ते तिला त्या दिवशी स्वतःला ऐकू आलं.

स्टीव्हन विल्सनचा मार्च 2025 चा ‘द ओव्हरव्ह्यू’ मेटल नाही, शुद्ध प्रोग आहे, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक. अंतराळातून पृथ्वी पाहिल्यावर माणसाच्या मनाचं काय होतं, यावर दोन लांब रचना. पहिलीतल्या एका भागाचे शब्द एक्सटीसी या ब्रिटिश बँडच्या अँडी पार्ट्रिजचे आहेत. तिथे साध्या रस्त्यावरच्या बारीकसारीक अडचणी आणि ताऱ्यांचे मृत्यू एकाच दमात येतात. तो भाग ऐकताना माझा गळा दाटतो, दर वेळी.

जुडास प्रीस्टचा ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ही ऐक. तो आला तेव्हा त्यांचा गायक रॉब हॅलफर्ड बहात्तर वर्षांचा होता, आणि त्या किंकाळ्या अजून तशाच धारदार आहेत.

मित्राचं उत्तर काल रात्री उशिरा आलं. ‘‘ओपेथ, पाचवं कलम. आता फोन करू नकोस.’’