मूग, गोणपाट आणि मार्ली

परवा दुपारी मूग निवडत बसले होते. हल्लीच्या पाकिटातल्या मुगात खडा सापडत नाही, तरी निवडते. शेजारी भाचा लोळत मोबाइलवर बॉब मार्ली हा जमैकाचा रेगे गायक ऐकत होता. स्क्रीनवर पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र दिसलं : मागे गोणपाट, पुढे लष्करी कपड्यांतला मार्ली.

"अरे, हे तर आजीचं सूप!" मी म्हटलं. त्याने कानातला इअरफोन काढून पुन्हा घातला.

बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने ती रेकॉर्ड आणली होती. 'रास्तामॅन व्हायब्रेशन', १९७६. मामा पुन्हा बोटीवर गेला की तबकडी कपाटात जायची आणि कव्हर आजीच्या मांडीवर. गोणपाट बघून तिला ते घरचंच वाटलं असणार. पुस्तकासारखं उघडायचं, एका पानावर मूग पसरायचे, जरासं कलतं धरायचं. मूग घरंगळत मधल्या घडीत जमायचे, काड्याकचरा वर राहायचा. तिच्या बांगड्या आणि मुगाची सरसर, दुपारभर तेवढंच संगीत. सुट्टीवर आलेल्या मामाने हे पाहिलं आणि तो उचकी लागेपर्यंत हसला. का, ते मात्र सांगेना.

ते मला फार उशिरा कळलं. हे कव्हर 'हर्ब' साफ करायला उत्तम आहे, असं त्यावर चक्क छापलेलं होतं. हर्ब म्हणजे गांजा. बिया घरंगळून खाली, पाला वर. आजीला इंग्रजी येत नव्हतं, पण वापर तिने तंतोतंत सांगितल्याप्रमाणे केला.

हे कव्हर नेव्हिल गॅरिकचं. किंग्स्टनचा माणूस, लॉस एंजेलिसला कला शिकला, जमैकात परतून एका दैनिकात कला दिग्दर्शक झाला आणि मग मार्लीकडे आला. कव्हरं तर केलीच, शिवाय दौऱ्यांत मंचामागचे पडदे रंगवले, दिवेही सांभाळले. मार्लीच्या 'एक्झोडस' या रेकॉर्डचं सोनेरी कव्हर त्याचंच, इथिओपियन लिपीच्या वळणाच्या अक्षरांचं. २०२३ साली तो गेला. आपण बनवलेल्या कव्हरवर कुणी मूग निवडतंय, हे त्याला आवडलं असतं असं मी धरून चालते.

माझा एक हट्ट आहे, गाण्याला कव्हर हवं आणि ते दोन्ही हातांनी धरावं लागेल एवढं हवं. नखाएवढ्या चित्रावर काय निवडणार?

तोवर भाच्याने पुढचं लावलं, 'सर्व्हायव्हल', १९७९. हेही कव्हर गॅरिकचंच. आफ्रिकेतल्या देशांचे झेंडेच झेंडे. तेव्हाच्या वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचा मात्र नाही. आम्ही झेंडे ओळखायचा खेळ सुरू केला. मी हरत होते. वर नावाच्या अक्षरांमागे एक काळीपांढरी पट्टी होती, लुगड्याच्या काठासारखी बारीक नक्षीची.

"मोठं कर बघू ते."

त्याने दोन बोटांनी पट्टी ताणली. नक्षी नव्हती ती. माणसं होती, खेटून आडवी झोपवलेली. 'ब्रुक्स' या इंग्रजी गुलामवाहू जहाजाचा हा आराखडा, १७८८ साली गुलामगिरीच्या विरोधकांनी छापलेला. माणसं किती दाटीने भरतात ते लोकांना दिसावं म्हणून.

"आता कुठला झेंडा?" भाचा म्हणाला.

मी चष्मा पुसला आणि एका ओळीतली माणसं मोजायला लागले.