बाण नसलेला नकाशा

नवीन गेम घ्यायचा म्हटलं की आमच्या घरी आधी चर्चासत्र भरतं. रॅम किती लागते, ग्राफिक्स कार्ड ओढेल का, सेल कधी लागतो. चर्चा भाच्यानं करायची आणि पैसे मामानं द्यायचे, अशी सोयीस्कर वाटणी आहे. यंदाच्या पावसाळ्यात मी ती वाटणी मोडली आणि माझ्या जुनाट लॅपटॉपवर 2002 सालचा ‘मॉरोविंड’ लावून बसलो. ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतला हा तिसरा. पहिला ‘अरीना’ 1994 चा, दुसरा ‘डॅगरफॉल’ 1996 चा. भाच्याच्या पिढीला ही मालिका ठाऊक आहे ती 2011 च्या ‘स्कायरिम’पासून. त्याआधीचं सगळं त्याच्या लेखी अश्मयुग.

जुलैचा महिना, पाऊस चार दिवस हटायला तयार नाही. फोनवर दर तासाला कोल्हापुरातल्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी येतेय. एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका, हे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. अशा वेळी बाहेर पडायचं कारण नाही आणि घरात करमत नाही. मॉरोविंडला याहून चांगला मुहूर्त नाही, कारण हा गेम घाईच्या माणसासाठी केलेलाच नाही.

सुरुवात होते कैद्यांच्या जहाजावर. सेयडा नीन नावाच्या दलदलीतल्या बंदरावर तुम्हाला उतरवतात आणि थेट सरकारी कचेरीत नेतात. नाव काय, धंदा काय, जन्म कुठल्या राशीवर. एक म्हातारा कारकून शांतपणे सगळं लिहून घेतो. काल्पनिक जग, जादू, राक्षस, सगळं आहे. पण आधी फॉर्म भरा. मला हे फार आवडतं. मग हातात एक पुडकं आणि थोडे पैसे देतात आणि सांगतात, बाल्मोराला जा, कायस कोसेडिस नावाच्या माणसाला हे नेऊन दे. बस्स. दार उघडं.

“मामा, बाण कुठाय ह्यात?” भाच्यानं मागून विचारलं.

“नाही.”

“म्हणजे? जायाचं कुठं हे कळणार कसं?”

“विचारायचं लोकांना. नाहीतर डायरी वाच.”

“गेम खेळायलाय का अभ्यास करायलाय?”

त्याचंही खरं आहे. 2006 च्या ‘ऑब्लिव्हियन’पासून या मालिकेत होकायंत्रावर बाण आला, नकाशावर बोट ठेवलं की तिथं पोचायची सोय आली, माणसं आवाजात बोलायला लागली. मॉरोविंडमध्ये लोक तोंडानं कसंबसं ‘काय पाहिजे’ एवढं म्हणतात. बाकी सगळं वाचायचं. गावोगाव जायला सिल्ट स्ट्रायडर नावाचा घराएवढा किडा असतो, त्याच्या पाठीवर बसून ठरलेल्या मुक्कामांनाच जाता येतं. पुढं पायी.

बाल्मोरात कायस भेटतो तो एका खोलीत, उघडाबंब, शेजारी नशेचा सरंजाम. साम्राज्याच्या हेरांचा हा मोठा माणूस! तो पुडकं घेतो, दोनशे नाणी देतो आणि चक्क सांगतो की तू अजून कच्चा आहेस, आधी जरा हिंडून ये, कुठल्यातरी संघात काम कर, मग बघू. दुसऱ्या कुठल्या गेमनं खेळणाऱ्याला असं हाकलून दिलेलं मला आठवत नाही.

पहिलं खरं काम म्हणजे आर्कनथँड. ड्वेमर नावाच्या, कधीच्या नाहीशा झालेल्या लोकांच्या पडक्या नगरीतून एक कोड्याची पेटी आणायची. पत्ता असा: फोर्ट मूनमॉथकडं जा, पुढं जुना ड्वेमर पूल लागेल, तो ओलांडून वर चढ, दाराजवळ एक दांडा आहे तो फिरव. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात पुलाखाली लाव्हानं कोरलेली करडी घळ, वारा सुटलेला, वर सगळे खडक एकासारखे एक. दार कुठलं आणि डोंगर कुठला कळत नाही. दांडा म्हणजे कड्यातून बाहेर आलेल्या नळावर बसवलेला एक भाग, आणि तो डोंगराच्याच रंगाचा. फिरवला की गोल दगडी दार कुरकुरत सरकतं. आत गेलं तर पेटी नजरेला पडत नाही, कारण ती एवढीशी आहे आणि वरच्या बाजूच्या खोलीत फळीवर भांड्याकुंड्यांबरोबर ठेवलीय. चमकत नाही, हाक मारत नाही. भाच्यानं तीन फळ्या धुंडाळल्या आणि “बेक्कार हाय हे” म्हणून उठून गेला. थोड्या वेळानं चहा घेऊन परत आला आणि विचारलं, “घावली का?” नव्हती घावली.

इथल्या लोकांचे पत्ते नेहमी बरोबर असतातच असं नाही, हेही सांगायला हवं. कधी दिशेचा घोळ, कधी ‘थोडं पुढं’ म्हणजे मैलभर. पण त्या चुकलेल्या वाटेवरच एखादी गुहा, एखादं थडगं, एखादा बिचारा यात्रेकरू भेटतो आणि मूळ काम राहून जातं. पुढं एक गुहा तर अशी आहे की तिचं दार फक्त पहाटे आणि तिन्हीसांजेला उघडतं. तिचा पत्ता कोड्यात सांगितलाय. भर दुपारी जाऊन खडकावर डोकं आपटून काही उपयोग नाही, दिवस कलायची वाट बघत बसायचं.

मारामारी मात्र खरोखर वाईट आहे. मी या गेमचा भक्त असलो तरी इथं खोटं बोलणार नाही. समोर उंदीर, तलवार त्याच्या आरपार जाते, आणि उंदराला पत्ताच नाही. कारण आत गुपचूप फासे पडत असतात: शस्त्रातलं कौशल्य, चपळाई, नशीब आणि दम. खाली डाव्या कोपऱ्यात तीन पट्ट्या दिसतात, त्यातली हिरवी दमाची. पळत गेलात की ती उतरते, आणि ती उतरली की वार चुकतो, मंत्र फसतो, दुकानदारसुद्धा भाव देत नाही. नवे लोक धावत धावत जनावरापाशी पोचतात आणि मग तक्रार करतात की लागतच नाही. धापा टाकत खासबागेच्या हौद्यात उतरलेल्या मल्लाचा कुठला डाव लागायचाय? वस्ताद आधी दमच बनवून घेतो. इथंही जे कराल तेच वाढतं. पळालात तर पळणं सुधारतं, उड्या मारल्या तर उड्या. म्हणून जाणते खेळाडू अख्खा देश बेडकागत उड्या मारत पार करतात. बघणाऱ्याला वेड लागल्यासारखं वाटतं.

बायकोनं एकदा तसंच बघितलं. “काय झालंय त्याला?” एवढंच विचारून ती आत गेली.

वेगाचा प्रश्न फार सतावला तर त्यावरही इलाज आहे, आणि तो मॉरोविंडच्याच स्वभावाचा आहे. काल्डेराजवळ रस्त्यात एक बाई सोबत मागते. ती घालते ते बूट कसेही करून मिळवले तर माणूस वाऱ्यासारखा सुटतो. फक्त बूट पायात असेपर्यंत डोळ्यांपुढं ठार अंधार. कोपऱ्यातल्या चिमुकल्या नकाशाकडं बघत आंधळ्यानं धावायचं! दिलं तर पूर्ण दिलं, पण किंमत वसूल करून.

भाच्याला शेवटी गोडी लागली ती सेयडा नीनबाहेरच्या मांत्रिकामुळं. गावातून बाल्मोराकडं निघालं की आभाळातून किंकाळी येते आणि एक माणूस धप्पकन पुढ्यात पडून मरतो. त्याच्या अंगावर मंत्र लिहिलेल्या तीन गुंडाळ्या आणि एक वही. वहीत आपल्या शोधाचं कौतुक. मंत्र वाचला की उडी मारायची ताकद हजारानं वाढते, पण सात सेकंदच. वर जाताना मजा. खाली येताना मंत्र संपलेला. उतरण्याआधी दुसरी गुंडाळी वाचायची असते, ते बिचाऱ्याला सुचलंच नव्हतं. त्या तिन्ही मी जपून ठेवल्या होत्या.

परवा ऑफिसातून आलो तर भाचा माझ्या लॅपटॉपसमोर. डोंगर, राखेची वादळं, दुरून दिसणारी व्हिव्हेक नगरी, सगळं त्याच्या पायाखालून सरकत होतं.

“मामा, हे लई मोठं आहे लगा!”

“दुसरी गुंडाळी वाच.”

“कुठली दुसरी?”

समुद्र चुकला, खडक लागला. “सेव्ह कुठलं आहे शेवटचं?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, आर्कनथँडच्या दारातलं. तो खुर्ची ओढून बसला, दांड्यापासून सुरुवात केली, आणि या वेळी वरच्या बाजूच्या खोलीत आधी गेला.